एकदा दिलेला बाप्तिस्मा

आमच्या मंडळीत साक्ष देण्याची पद्धत आहे. रविवारची उपासना संपत आली की कोणीतरी उठतं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगतं. मीही पुष्कळदा उठले आहे. आता आठवून पाहते तेव्हा कळतं, माझ्या प्रत्येक साक्षीत देवाच्या बरोबरीनं मीही चांगली दिसायचे. ही साक्ष मात्र मला उभं राहून देता आली नाही. उठायचं ठरवून जाते आणि गायनाचं पुस्तक चाळत बसून राहते. म्हणून लिहून काढते आहे.

माझं माहेर नगरकडचं, प्रॉटेस्टंट. आमच्या देवळात मूर्ती नाही, जपमाळ नाही. वचन, प्रवचन आणि गायनं. याचा मला अभिमान होता, आणि अभिमान हा शब्दही मी सौम्य वापरते आहे. लग्नानंतर पनवेलला आले, इथंच नोकरी केली, यजमान गेल्यावर सुहासला इथंच वाढवलं. सुहास द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात लागला आणि तिथं काम करणाऱ्या रोशनीशी लग्न करायचं म्हणाला. रोशनी उरणकडची, कॅथलिक. तिच्या वडिलांचे ट्रेलर न्हावा शेव्याला चालतात. आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, गळ्यात सोन्याचा क्रूस, आवाज मोठा आणि सदा थट्टेच्या मूडमध्ये. साखरपुड्याला दोन्हीकडच्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. ‘वाइटापासून सोडव’ म्हणून ती मंडळी थांबली. आम्ही पुढे ‘राज्य, सामर्थ्य व गौरव सर्वकाळ तुझी आहेत’ असं म्हणतो. ते शब्द मी गरजेपेक्षा मोठ्यानं म्हटले, जणू परीक्षेत त्यांचा एक प्रश्न सोडवायचा राहून गेला होता. विहीणबाई हसल्या. “आमी आदीच्या ठेसनाव उतरतो, विहीणबाय,” म्हणाल्या. सगळे हसले, मी हसले नाही.

लग्न त्यांच्या देवळात झालं, ते मी मनात धरून ठेवलं. मग मी हट्ट धरला की रोशनीनं आमच्या मंडळीत नव्यानं बाप्तिस्मा घ्यावा. आमच्या पाळकांनी मला समजावलं होतं. पाणी तेच, पिता-पुत्र-पवित्र आत्मा ही नावं तीच, त्यामुळे तिला पुन्हा बाप्तिस्म्याची गरज नाही, असं ते म्हणाले. पण मी पाळकांपेक्षाही जास्त प्रॉटेस्टंट होते. तान्हेपणी कॅथलिकांनी तेल लावून, मेणबत्ती धरून जे काही केलं असेल ते मला दुरुस्त करून हवं होतं. रोशनी तेव्हा पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता ती म्हणाली, “आई, मला एकदा दिलेला बाप्तिस्मा मोडला का?” मी तिला उलट बोलू नकोस म्हटलं.

त्यानंतर ती सुहासबरोबर आमच्या उपासनेला येत राहिली. प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीचं तबक रांगेतून पुढे यायचं तेव्हा ती ते न घेता शेजारच्याकडे द्यायची. तिच्या शिकवणुकीप्रमाणे तिला ते दुसऱ्यांच्या मेजावर घेता येत नव्हतं. तबक देताना तिचे डोळे खाली असायचे. ती तिथून उपाशी उठते आहे हे मला एकदाही वाटलं नाही. मला त्यात फक्त हट्टीपणा दिसला, आणि हट्टीपणा ओळखण्यात मी तरबेज होते.

रोशनीला दिवस राहिले तसा नवा वाद सुरू झाला. डोहाळेजेवणाला सगळे जमलेले असताना मी जाहीर करून टाकलं की बाळाचा बाप्तिस्मा आमच्या देवळात, आमच्या पाळकांच्या हातून होईल. रोशनी हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून बसली होती. तिनं आपल्या आईकडे पाहिलं. विहीणबाई माझ्या ताटात पुरणपोळी वाढत म्हणाल्या, “आदी बाळ तं येऊंद्या.”

बाळ फार लवकर आलं. रोशनीचा रक्तदाब एकाएकी वाढला आणि डॉक्टरांनी ऑपरेशन करून मुलगी बाहेर काढली. तळहातावर मावेल एवढी. रोशनीला दुसऱ्या मजल्यावर ठेवलं, तिला अजून धड शुद्ध नव्हती. बाळ तिसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत, नाकातोंडात नळ्या. दुपारी डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले की फुप्फुसं साथ देत नाहीत, आम्ही प्रयत्न करतो आहोत, पण तुम्ही मनाची तयारी ठेवा. सुहास त्या वेळी बाळासाठी लागणारं एक औषध आणायला वाशीला गेला होता. मी पाळकांना फोन लावला. ते एका बैठकीसाठी नगरला होते. विहीणबाईंनी त्यांच्या फादरांना फोन केला. ते लगेच निघाले, पण गव्हाणजवळ ट्रेलरच्या रांगेत अडकून पडले.

विहीणबाईंनी माझा हात धरला. एरवी गडगडणारा तो आवाज कुजबुजीवर आला होता. “विहीणबाय, पोरीला बाप्तिस्मा द्या. पाण्यावाचून जायला नको ती.” त्यांना आत सोडत नव्हते, कारण त्यांना खोकला झाला होता. आत जाऊ शकणारी मी एकटीच होते. आमच्याकडे बाप्तिस्मा पाळक देतात, सगळ्या मंडळीसमोर. आणि बाप्तिस्म्याआधी बाळ गेलं तरी देव त्याला जवळ घेतो असं आम्ही मानतो, म्हणून कोणी घाई करत नाही. कॅथलिकांत मात्र जीव धोक्यात असेल तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, हे मला त्यांच्याकडून तेव्हा कळलं.

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला सर्वांत जास्त लाज वाटते. माझी नात मरणाच्या दारात होती आणि मी हिशेब करत होते. हे त्यांच्या पद्धतीनं झालं तर मुलगी त्यांची झाली असं होईल. उद्या त्या सांगत सुटतील. देवानं त्या क्षणी माझं मन उघडून दाखवलं असतं तर तिथं बाळ दिसलं नसतं, दोन देवळं दिसली असती. मी विषय टाळायला म्हणाले, “मी तुमच्या चर्चची नाही. माझ्या हातून चालेल तुम्हाला?”

त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. “तुमी बी किरिस्तावच ना? मंग झालं.”

एवढंच. त्यांना एक क्षणही विचार करावा लागला नाही. त्यांच्या मुलीबद्दल हेच एक वाक्य मला इतक्या दिवसांत म्हणता आलं नव्हतं. मला तोंड लपवावंसं वाटलं, पण लपवायला वेळ नव्हता.

आत शायनी नावाची केरळची सिस्टर ड्युटीवर होती. मी काय हवंय ते सांगितलं. ती नियमावर बोट ठेवेल असं वाटलं होतं. तिनं डॉक्टरांना विचारलं, मग एका लहानशा सिरिंजमध्ये निर्जंतुक पाणी भरलं, ती सिरिंज स्वतःच्या मुठीत धरून थोडी ऊब दिली आणि माझ्या हातात ठेवली. “थोडंच घाला मॅडम, कपाळावर. बाळाला थंडी नको.” पेटीच्या गोल खिडकीतून मी हात आत घातला. तिनं खालून मनगटाला आधार दिला. नाव मुलांनी आधीच ठरवलेलं होतं. मी म्हणाले, “रिया, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुझा बाप्तिस्मा करते.” प्रत्येक नावाला एकेक थेंब. ते कॅथलिक शब्द होते की प्रॉटेस्टंट, मला सांगता येणार नाही. सिस्टर ‘आमेन’ म्हणाली. मग कापसानं कपाळ टिपता टिपता, चहा बिनसाखरेचा घेते असं सांगावं तितक्या सहज म्हणाली, “आमच्या चर्चमध्ये बाळाला देत नाही. मोठं झाल्यावर, पूर्ण पाण्यात.” तिच्या मते मी केलं त्याला बाप्तिस्माही म्हणता येत नव्हतं. तरी तिनं पाण्याला ऊब दिली होती.

मी खुर्चीवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाला काहीही न सुचवता प्रार्थना केली. ही तुझी आहे, आमची कोणाचीच नाही, एवढंच म्हटलं. काचेपलीकडे विहीणबाई जपमाळ ओढत उभ्या होत्या, आणि त्या थांबू नयेत असं मला मनापासून वाटत होतं.

संध्याकाळी सुहास औषध घेऊन पोचला. ते दिल्यावर हळूहळू श्वास सुधारला. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. मीही तेच म्हणते. रोशनीही सावरली. रिया जगली, आणि ती कशानं जगली यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. वाद मी पुष्कळ घातले आहेत.

बाळ बाळसेदार झाल्यावर मी आपण होऊन म्हटलं की राहिलेला विधी विहीणबाईंच्या देवळात करू. आमचे पाळकही आले, पहिल्याच बाकावर बसले. फादरांनी विचारलं, बाप्तिस्मा कोणी दिला? विहीणबाईंचा आवाज पुन्हा पूर्ववत झालेला होता. “माज्या विहीणबायनं. मी काचंतून बगत होते,” त्यांनी सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं सांगितलं. फादरांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मग त्यांनी रियाला तेल लावलं, पांढरं वस्त्र दिलं, मेणबत्ती पेटवली. पाणी ओतलं नाही. ते झालेलं आहे, म्हणाले, ते पुन्हा करत नाहीत. माझ्यासारखीनं, तशा मनानं दिलेला बाप्तिस्मा त्यांनी आहे तसा धरला. मला तिथं कोणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं.

बाहेर पडताना रोशनी बाळाला झबलं घालत दाराशी थांबली होती. मी तिच्याजवळ गेले. माफी मागायची म्हणून बरीच वाक्यं जुळवून ठेवली होती, ती बाजूला ठेवली.

“तुझाही मोडलेला नव्हता ग,” मी म्हणाले.

तिनं झबल्याचा बंद बांधला आणि रियाला माझ्या हातात दिलं. “मला माहीत होतं, आई,” ती म्हणाली. “तुम्हाला कळायची वाट बघत होते.”