अंतराळवीराचं ‘मी ठीक आहे’

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी माझा पासपोर्ट मागून घेतला आणि व्हिसाचं पान उजेडाकडे धरून पाहिलं. सहा वर्षं झाली त्याला. उमरेडच्या विणकर घरातला माणूस. कापड असो की कागद, आरपार पाहिल्याशिवाय भरवसा ठेवत नाही. "पोचली की फोन कर वं," एवढंच म्हणाले. आई त्याआधीच वारली होती. त्यांना हुडकेश्वरच्या दोन खोल्यांत एकटं सोडून मी एडमंटनला आले.

तुम्हीही असे कुठे गेला असाल, किंवा मागे राहिला असाल, तर रविवारचा व्हिडिओ कॉल तुम्हाला ठाऊक असेल. दोन्हीकडे सगळं ठीक असतं. संशय यावा इतकं ठीक. माझी नोकरी गेल्या हिवाळ्यात गेली. ‘लेऑफ’ हा शब्द मी घरी उच्चारलाच नाही. बेकरीत शिफ्ट करायची आणि कॉलच्या वेळी इस्त्रीचा शर्ट घालून बसायचं. बाबाही म्हणायचे, "मी मजेत हाय, आराम करून राहिलो." ते मला पटत नव्हतं. आराम करणारा माणूस सोमवार ते शनिवार दिवसा फोन का उचलत नाही?

यंदा महिनाभरासाठी घरी गेले, तेव्हा पहिल्याच रविवारी त्यांना एक सिनेमा दाखवायला नेलं. बर्फाच्या ग्रहावर एकटा अडकलेला अंतराळवीर, पृथ्वीवरच्या मुलीशी रोज पडद्यावरून बोलणारा. पहिला अर्धा भाग खरोखर चांगला होता. संगीत नाही, नुसता त्याचा श्वास. डबा उघडताना थरथरणारी बोटं. फाटलेल्या सूटला त्याने ठिगळ लावलं, तेव्हा बाबा पुढे सरकून बसले. नंतर मात्र सगळं सोयीने घडू लागलं. वादळ हवं तेव्हा थांबलं, यान अगदी वेळेवर आलं, आणि रडायचं कुठे ते व्हायोलिन सांगू लागलं. मी बाबांकडे पाहिलं. ते पडद्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होते.

बाहेर चहा घेताना मी विचारलं, "कसा वाटला?"

"ठिगळ बरोबर लावलं त्यानं. हात शिकलेला हाय," बाबा म्हणाले. "पण त्याची पोरगी मले खोटी वाटली. तो रोज सांगते, मी ठीक हाय. अन् पोरगी ऐकून घेते. गाल बसले त्याचे, दिसत नाही काय तिले? एकदाही विचारत नाही, काहून खोटं बोलून राहिले म्हणून?"

बाबा माझ्याकडे वळले.

"तुही नोकरी हाय नं वं?"

मी मान हलवली. नाही. मग एकदम सगळंच सांगितलं; बेकरी, पीठ, भाजलेला अंगठा. बाबांना धक्का बसला नाही. "मले डाउट होताच," ते म्हणाले. "पहिले तू ऑफिसातल्या लोकांच्या तक्रारी सांगायची. मंग एकदम सगळे चांगले झाले."

आता माझी पाळी होती. "आणि तुम्ही दिवसा फोन का उचलत नाही?"

त्यांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "लकडगंजले जातो. कापडाच्या गोदामात, माल तपासाले. हिवाळ्यापासून."

"काहून पण? या वयात?"

"तू वापस आली असती तर घर चालाले पाहिजे होतं नं."

त्यांनी मला विचारलं नव्हतं. संशय आला आणि ते कामाला लागले होते. मला रडू आलं, तिथेच, पॉपकॉर्नच्या काउंटरशेजारी, कुठल्याही व्हायोलिनशिवाय.

"वापस येऊ का?" मी विचारलं.

"ते तू ठरव. फक्त सांगत जा."

मी परत एडमंटनला आले. अजून बेकरीतच आहे आणि अर्ज करते आहे. परवाच्या कॉलवर बाबांनी विचारलं, "जेवली काय?" मी सवयीने हो म्हणणार होते. म्हटलं, "नाही. कंटाळा आला."

"मंग फोन नको ठेवू. कर सैपाक, मी पाहून राहिलो."

मी फोन खिडकीला टेकवून ठेवला. डाळ शिजायला वीस मिनिटं लागली, तोवर ते पाहत राहिले. मधेच एकदा म्हणाले, "गॅस कमी कर." घर कुठे आहे असं आता कोणी विचारलं, तर मी पत्ता सांगणार नाही, ती वीस मिनिटं सांगेन.