विहिरीवरचा खुंटा

डोक्याची आणि पागोट्याची ती म्हण आम्हाला शाळेत शिकवली होती. मास्तर सांगायचे, ती लढाईतून आली असावी. पळताना पागोटं पडलं तर पडू द्यावं, मागे वळू नये. मला ते कधी पटलं नाही. जीव धोक्यात असताना पागोट्यासाठी मागे वळेल असा खुळा कोण असेल?

असतो. आमच्याच घरात होता.

रोहिणखेडच्या रस्त्याला आमचं मिरचीचं वावर आहे. काही वर्षांपूर्वी ऐन तोडणीत विहिरीवरची मोटर जळाली. बाबांनी नवी आणली. आमच्याकडे मोटर विहिरीत सोडताना शेवटचा गडी दोर कमरेला गुंडाळून मागे रेलतो. त्याला खुंटा म्हणायचं. तो मान बाबांनी साठी उलटली तरी कुणाला दिला नव्हता. हौस, दुसरं काय!

पुढे दोन्ही काका, मागे बाबा. मी वायर धरून उभी, आई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गवत कापत होती. मोटर अर्ध्यात गेली आणि पुढच्या काकांचा पाय चिखलात सरकला. ते पडले, दुसरे त्यांच्यावर आदळले, दोर दोघांच्या हातून सुटला. सगळं ओझं बाबांच्या कमरेवर आलं आणि ते फरफटत विहिरीकडे निघाले.

"बाबा, दोर सोडा!" मी किंचाळले.

"मोटर जाईन! धरा रे!" ते उलट आम्हालाच ओरडत होते. दोन्ही हातांनी दोर घट्ट धरलेला. आपणच चाललोय याचं भान नाही!

आई धावत आली. दिरांसमोर तिचा पदर डोक्यावरून कधी ढळला नव्हता. त्या वेळी तो कुठे होता कुणास ठाऊक. तिनं ताणलेल्या दोरावर विळा ओढला. दोर तटकन तुटला. बाबा काठापासून हातभर अंतरावर पाठीवर पडले आणि खाली मोटर धबकन बुडाली.

बाबा उठले तेच भडकून. "काऊन तोडला वं दोर? नवी कोरी मोटर होती!"

आईला धाप लागली होती. "मोटर दुकानात भेटते. तुमाले कोन्त्या दुकानातून आनू?"

बाबांनी विहिरीत डोकावून पाहिलं. मग तिथंच खाली बसले. "हाव," ते म्हणाले, "बरोबर हाय तुहं." चार माणसांत आईचं बरोबर आहे असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. अभिमानानं मला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी गळ टाकून मोटर वर काढली, दुकानात दाखवून आणली. या खेपेला दोर कडुनिंबाच्या बुंध्याला गुंडाळला. काका आपापल्या जागी उभे राहिले. बाबांनी आईकडे पाहिलं.

"सांग वं, सोडू का?"

आईनं गाठ ओढून पाहिली, सगळ्यांना काठापासून मागे सरकवलं आणि पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हाव, सोडा आता!"