सहाव्या सीटचं गाऱ्हाणं

आमच्या यजमानांना साहसाची आवड आहे, हे मला लग्नानंतर एकविसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी त्यांना पेडण्यातल्या एका पतसंस्थेतले सज्जन अधिकारी समजत होते. पावसात अंगणातून गाडीपर्यंत जायचं तर ते आधी पँट दुमडतात आणि डबकं दिसलं की वळसा घालतात. अशा माणसाने एके दिवशी जेवताना जाहीर केलं की जुनी गाडी विकून आपण ऑफ-रोडर घ्यायची, आणि तीही प्लगवाली हायब्रिड. म्हणजे पेट्रोलही पिणार आणि विजेवरही चरणार. डोंगर चढते, दगडांवरून जाते, मांडीभर पाण्यातून आरपार निघते, असं ते भाताचा घास हातात धरून सांगत होते. मी त्यांच्या पानात आमटी वाढली.

मला सात सीटर व्हॅन हवी होती. बसकी, रुंद, सरकत्या दाराची, दिसायला थेट पावाच्या लादीसारखी. यजमानांचं म्हणणं, तसली गाडी घेऊन मोपाच्या विमानतळावर गेलं तर लोक टॅक्सीवाला समजून बॅगा हातात देतील. एवढा अपमान पार्से गावातल्या आमच्या घराण्यात आजवर कुणी सोसला नव्हता म्हणे.

त्यांचा बिनतोड सवाल एकच होता. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई, अशा पाच माणसांना सात सीटा कशाला? मी म्हणायची, आईंची ढोपरं गेलीत, त्यांना उंच गाडीत चढवणार कोण? चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं-भाज्या आणायच्या कशातून? पाहुणेरावळे आले तर? उत्तरं पुष्कळ होती आणि एकही खरं नव्हतं. सहावी सीट मला माझ्या आईसाठी हवी होती.

आई नार्व्याला एकटी असते. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. भाऊ आखातात आहे आणि व्हिडिओ कॉलवर फार मायाळू आहे. गेल्या मे महिन्यात आम्ही कुळदेवाला निघालो होतो, तेव्हा वाटेत तिच्याकडे चहाला थांबलो. येतोय असं मी फोनवर कळवलं होतं, एवढंच. ती ठेवणीतली साडी नेसून, हातात पिशवी घेऊन दारात आली. गाडीत डोकावली. पाच डोकी मोजली. मग म्हणाली, “माजे पांय दुखतात, तुमी वचात.” आणि पिशवी दारामागे ठेवून चहा गाळायला आत गेली. माझ्याशिवाय कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला, स्वतःचाच, कारण मी तो चहा प्याले आणि गाडीत जाऊन बसले.

आता कुणी म्हणेल, मग सांगायचं सरळ. माहेरच्या माणसासाठी सासरच्या गाडीत जागा मागायला आमच्याकडे कुणी मना केलेलं नाही. कुणी मागत नाही, एवढंच. मी शाळेत पोरांना ‘तोंड उघडून स्पष्ट बोला’ म्हणून दिवसभर दटावते आणि घरी येऊन सासूच्या ढोपरांआडून बोलते.

दरम्यान शोरूमचा माणूस प्लगची जागा बघायला घरी आला. संध्याकाळची वेळ होती, ट्यूबलाइट पेटावं की न पेटावं या विचारात होती. भार सोसेल असं एकच कनेक्शन निघालं, विहिरीवरच्या पंपाचं. त्याने ते गंभीरपणे पाहिलं, पोई पावाबरोबर दोन कप चहा घेतला आणि ‘काहीतरी करू’ म्हणाला. यजमानांनी लगेच वेळापत्रक आखलं: दिवसा माडांना पाणी, रात्री गाडीला वीज. लेकीने रंग निवडला. मुलाने मागच्या काचेवर लावायचे स्टिकर मागवलेसुद्धा. सासूबाईंना दाखवायला शोरूमची गाडी दारात आणली, तेव्हा तिची पायरी जवळजवळ त्यांच्या कमरेला लागत होती. त्यांनी दरवाज्यावरून हात फिरवला, ‘बरी आसा’ म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला आत गेल्या. यजमानांनी तो पाठिंबा म्हणून धरला.

अडीच महिने असे गेले. आम्ही दोघं मुलांमार्फत बोलू लागलो. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, देवाला विचारूया.

आमच्याकडे सोयरीक, विहीर, बांधाचं भांडण, सगळ्याला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, आणि आधी उजवी पडली तर एक, डावी पडली तर दुसरं. यजमान विज्ञानाचे पदवीधर, एरवी राशिभविष्याचं पान उलटवूनही बघत नाहीत. ते ताबडतोब तयार झाले. उजवी बाजू आपली, हे त्यांनी घरूनच ठरवून टाकलं होतं.

रविवारी सकाळी आम्ही पाचही जण देवळात. कौलाआधी गाऱ्हाणं घालायचं असतं, आणि देवाला अर्धवट सांगून चालत नाही. गुरवाने आधी यजमानांना विचारलं. त्यांनी बॅटरी, चारही चाकांना मिळणारी ताकद, जमिनीपासूनची उंची, सगळं मोबाइलवर बघून सांगितलं. गुरवाने शांतपणे ऐकून घेतलं आणि देवाला कळवलं, “म्हाराजा, ह्याका उंच गाडी जाय.”

मग माझी पाळी. मी पदर सावरला आणि सासूबाईंच्या ढोपरांपासून सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील.

“माजी ढोपरां देवाक म्हायत आसत,” सासूबाई मागून म्हणाल्या. “तुका कित्याक जाय, ता सांग.”

मी देवाकडे बघितलं, कारण दुसरीकडे बघण्याची हिंमत नव्हती. म्हटलं, माझ्या आईला बसायला जागा हवी. आपण सगळे कुठे जातो तेव्हा ती दारात उभी राहते, ते मला बघवत नाही. एवढं बोलून मी हमसाहमशी रडले. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. यजमान मोबाइल खिशात घालायचं विसरले, तो हातात तसाच उजळलेला होता. गुरव ओल्या पाकळ्या बोटांत धरून थांबला.

“पाकळी लावू नको,” सासूबाई त्याला म्हणाल्या. “ह्या देवाक विचारूचा न्हय. आमीच तिका विचारूक जाय होता.”

व्हॅन यजमानांनी स्वतः जाऊन बुक केली, पण ती गोष्ट पुढच्या आठवड्यातली. त्या रविवारी देवळाबाहेर आल्यावर सासूबाई गाडीत बसेचनात. नवी गाडी येईल तेव्हा येईल, आज माझी सीट रिकामी आहे, तुम्ही दोघं नार्व्याला जाऊन तिला घेऊन या, म्हणाल्या. आधी तुम्हाला घरी सोडतो म्हटलं, तर तेवढाही वेळ घालवू नका, असं त्यांनी लेकाला सुनावलं आणि दोन्ही नातवंडांचे हात धरून उतरणीला लागल्या. देवळापासून आमचं घर धडधाकट माणसाला दहा मिनिटांवर आहे. त्यांना पाऊण तास लागला आणि वाटेत त्या तीनदा बसल्या, असं लेकीने संध्याकाळी सांगितलं, माझी आई आत त्यांच्याशेजारी बसून तांदूळ निवडत होती तेव्हा.