विजयमालानं वीज निवडली

बिभीषण सोलापुरात, जुळे सोलापूर भागातल्या एका सोसायटीचा वॉचमन. मूळचा सांगोल्याकडचा, मेंढरांमागं वाढलेला. जनावर चरतंय, कळपाबरोबर चालतंय, म्हणजे ठणठणीत. बायकोलाही त्यानं हाच हिशेब लावला. विजयमाला पहाटे उठून चार घरची धुणीभांडी करत होती. ती बोलत नाही, हसत नाही, याची दखल कोण घेतो? तिच्या उदासीवर गोळ्या देणाऱ्या मनोविकारांच्या डॉक्टर राजेश्वरी दर वेळी विचारायच्या, "गोळ्यांनी फरक पडला का?" आणि हा पठ्ठ्या तिच्या आधी सांगून मोकळा, "लई फरक हाय की! कामाला जाती."

दोन प्रकारच्या गोळ्या अशाच वाया गेल्या. मग विजयमालाचं जेवण सुटलं आणि एके दिवशी ती डॉक्टरांना स्वतःच म्हणाली, "बाई, मला जगावंसंच वाटत न्हाय. पैल्यापास्नंच." बिभीषणच्या पायाखालची जमीन सरकली.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं. आणखी एका औषधाची जोड देता येईल, पण गुण यायला वेळ लागेल. डोक्याला बाहेरून चुंबक लावून करायच्या उपचाराला भूल नको, पण कित्येक आठवडे रोज यावं लागेल. तिसरा उपाय, भूल देऊन मेंदूला विजेचा मोजका झटका. त्यानं बहुतेकदा लवकर गुण येतो. मात्र अलीकडच्या काही गोष्टी विसरायला होतात, त्यातल्या काही परत आठवत नाहीत. "जेवणच सुटलंय, म्हणून मी वीज सुचवीन," त्या म्हणाल्या.

तुटलेल्या तारेला चिकटून मेलेली मेंढरं बिभीषणनं पाहिली होती. "करंट नगं! चुंबकच करू."

"मी काय तुमचं मेंढरू हाय व्हय?" विजयमाला म्हणाली. "तेवढा दम मला धरवत न्हाय. बाई, करंटच द्या."

पहिल्या दिवशी तो दाराबाहेर बसून राहिला. ती धडधाकट बाहेर आली, जराशी गुंगीत. असं चार-पाचदा झालं आणि एका सकाळी त्यानं केलेल्या चहाचा घोट घेऊन ती करवादली, "साखर घालायला हात आखडला का तुमचा?" कितीतरी दिवस तिला कशाची चवच नव्हती. बिभीषणनं देवळात जोडावेत तसे हात जोडले. "खुळं कुटलं!" म्हणून ती हसली. हसली!

मग तिची नजर भिंतीवरच्या फोटोकडं गेली. लेक अंकिता, नवरीच्या शालूत.

"हिचं लगीन कवा झालं?"

बिभीषणला डॉक्टरांचं विसरण्याबद्दलचं बोलणं आठवलं. "दोन म्हैने झाले. नातेपुत्याला दिली की."

"मी व्हते?"

"व्हतीस."

"हसले का?"

खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं. "न्हाय. दगडावानी बसून व्हतीस."

विजयमाला फोटोजवळ गेली. डोळे भरून आले तिचे. मग पदरानं तोंड पुसून उठली.

"मंग त्या लग्नाला मी गेलेच न्हाय म्हना. चला नातेपुत्याला. जावई बघून येऊ."