नावाडणीच्या दारातला मासा

साऱ्या हिंगोली जिल्ह्यात दिलेल्या शब्दाला जागणारा एकच माणूस मी पाहिला, आणि त्याचे बरेचसे शब्द कॉम्प्युटरच्या खेळातल्या माणसांना दिलेले आहेत. हे माझे साडू. गोरेगावात त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान. तांब्याच्या तारेच्या भेंडोळ्यांमागे एक जुना कॉम्प्युटर आणि त्यात एक राज्य: तलवार लावून हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, जसं बोलू तसं पुढे घडायचं. डाव संपला की नवा मांडायचा. राज्यातली माणसं मागचं सगळं विसरतात. साडू विसरत नाहीत.

लोक दुसऱ्या डावात चोर होऊन बघतात, तिसऱ्यात जादूगार. साडू नऊही डावांत तेच, त्याच नावाचे, त्याच मिशांचे. "डाव नवा असंल भाऊ, माणूस काहून नवा व्हईल?" पहिल्या डावात त्यांनी एका गाढववाल्या म्हाताऱ्याला लेकीबद्दल विचारलं आणि तो रडला. तेव्हापासून वहीत नोंद आहे: 'गाढववाला. लेक वारली. विषय काढू नये.' विषय काढल्याशिवाय म्हातारा गुहेची किल्ली देत नाही, म्हणून पुढचे आठ डाव साडूंनी गुहा पाहिलेली नाही. सहाव्या डावात एका लोहारानं आपलं लग्नच झालं नसल्याचं सांगितलं, तर "मागं बायकोच्या हातची भाकर खाऊ घातली व्हती यानं!" म्हणून दिवसभर बेचैन. शेवटी "घरात वाजलं असंल" असा निकाल देऊन जळक्या मोटारीत नवी तार भरायला बसले.

आता माझं. तीन वर्षं गिळून बसलो होतो ते. एका दुपारी साडू पुसेगावला मोटार बसवायला गेले, मी दुकानावर. नववा डाव चालूच होता. गंमत म्हणून मी नदीकाठच्या नावाडणीच्या झोपडीतला मासा चोरला. ती ओरडली, तर तलवारीची मूठ हाणली. खेळानं ते आपोआप जपून ठेवलं. मी उठून बाजूला बसलो, काही झालंच नाही असा.

दुसऱ्या दिवसापासून नावाडीण साडूंना म्हणू लागली, "चालता हो!" आठ डाव विनातक्रार नदी उतरवणारी बाई! खेळ बिघडला असं साडूंच्या मनातही आलं नाही. "ती तशी न्हाई. माझंच काही चुकलं असंल." सगळी वही उलटून पाहिली आणि शेवटी नोंद केली: 'नावाडीण. चूक माझी.' मी शेजारी चहा पीत होतो. म्हटलं, "साडूभाऊ, नवा डाव मांडा की."

"त्या डावातली बोलंल हो. ही तशीच रुसून राहील ना?"

तेव्हापासून ते डोंगराला वळसा घालून पलीकडे जातात आणि जाताना तिच्या दारात काहीतरी ठेवतात. काय, तर मासा.

गेल्या रविवारी सगळं सांगून टाकलं. साडूंनी हातातली तार खाली ठेवली. मला वाटलं, संपलं आता येणंजाणं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "मला काहून सांगून राहिले? तिला सांगा."

नावाडीण दारात उभी. मला बोलायला पडद्यावर तीनच वाक्यं: पलीकडे सोड, काही विकायचंय का, येतो. माफीचं वाक्य त्या राज्यात कुणी लिहिलंच नव्हतं. मी बराच वेळ शोधत राहिलो.

"न्हाई ना सापडत?" साडू हळूच म्हणाले. "म्हणून तर मासा."

मी मासा ठेवला. ती म्हणाली, "चालता हो!" साडूंनी वही काढली. 'नावाडीण. चूक माझी' यातलं 'माझी' खोडून वर लिहिलं, 'दोघांची'.

"तुमची कशी?" मी विचारलं.

"तिला दिसल्या त्या मिशा तर माझ्याच ना?"

मग आम्ही दोघांनी डोंगराचा लांबचा रस्ता धरला.