निळ्या माशाला लागलेली नजर

खामगावच्या आमच्या घरी एकाच टाकीत दोन फायटर मासे होते, एक निळा, एक लाल; मधे पारदर्शक पार्टिशन. तरी निळ्याची शेपटी रोज नव्यानं फाटलेली. "नजर लागली त्याले," म्हणत सासूबाईंनी टाकीला लिंबू-मिरची बांधली. मी भडकले. माशाला कसली नजर? टाकीसमोर ठाण मांडून बसले. लाल मासा दिसला की निळा कल्ले फुगवून पार्टिशनवर धडकायचा आणि पार्टिशनच्या कडेला घासून शेपटी फाटायची. मी प्लास्टिकची काळी फाइल कापून मधे लावली. धडका थांबल्या. शेपटीला आधी काचेसारखी, मग निळीशार झालर फुटली. मी जिंकले होते! सासूबाईंना हात धरून आणलं. "पाहा, नजरबिजर काही नव्हती!"

त्यांनी फाइलकडे बोट दाखवलं. "मंग हे काळं काऊन लावलं वं?"