मुकी पेटी आणि माझा डावा हात

पेटी वाजवणारा दोन्ही हातांनी वाजवतो असं लोकांना वाटतं. वाजवतो एकटा उजवा. डावा मागे भाता मारत बसतो आणि त्याचं नावही कोणी घेत नाही. पूर्णा गावच्या भजनी मंडळात इतकी वर्षं भाता मारून माझा डावा हात असा झालाय की टीव्ही बघतानाही तो मांडीवर हलत असतो. बायको म्हणते, "अहो, भजन कधीच संपलं." बोलायला तिचं काय जातंय.

याच हाताला गेल्या वर्षी नवीन काम मिळालं, ते माझ्या आत्यामुळे. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच असते. ती आमच्या भागातली धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण नसेल तर म्हाताऱ्या माणसांना ते लग्न लागल्यासारखंच वाटत नाही. हळद लावण्यापासून नवरीला निरोप देईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, वेगळा, आणि ते सगळे आत्याला तोंडपाठ. आजूबाजूच्या भातखाचरांवर गोडाऊनं आली, आमच्याही जमिनीवर आलं, आणि मी तिथेच सुपरवायझर झालो; पण आत्याचे धवले जिथे होते तिथेच राहिले.

फक्त तिचा दम कमी झाला. मधल्या ओळीत श्वास तुटतो, ती थांबते, मग पुढे उचलते. एका हळदीत हौशी मंडळींनी तिच्या गाण्याखाली मशीनचा ठेका लावला. आत्या श्वासासाठी थांबली, ठेका कशाला थांबतोय? तो आपला पुढे निघून गेला. आत्याने भर मांडवात माईक खाली ठेवला आणि घरी येऊन जाहीर केलं, "तं डबं माज्या म्होरं धावतं. आता न्हाय गायची मी. कुणाच्याच लग्नात न्हाय."

आणि आमच्याच मुलीचं लग्न दिवाळीनंतर ठरलेलं. आत्याने तिला अंगाखांद्यावर वाढवलेली. मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, माझ्या हळदीला आजीचाच धवला हवा. नाहीतर डीजे पण नको, काहीच नको." बोलली आणि कामाला निघून गेली. माझी मात्र झोप उडाली.

नुसती पेटी घेऊन बसावं, तर मांडवात ती ऐकू जात नाही. माईक जवळ नेला की तो कुईं करतो. शिवाय आत्याचा षड्ज आता काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी बसतो, आणि तिथे पेटीला पट्टीच नाही. मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर मी फावल्या वेळात अभंगांना चाली लावत असे. त्यात सूर हवा तेवढा वरखाली सरकवता येतो. पण एकेक सूर माउसने टिचक्या मारून बसवायचा, म्हणजे तांदूळ निवडण्याचं काम. असं बसून आत्याच्या मागे कसं जाणार? लॅपटॉपला जोडायचा, पेटीसारख्या पट्ट्यांचा कीबोर्ड घ्यायचा ठरला. बायकोने अट घातली, "मिक्सरपेक्षा महाग काही घरात आणायचं नाही."

आमच्या भजनी मंडळाचे बुवा म्हणाले, "जेवढ्या पट्ट्या जास्त तेवढा कीबोर्ड चांगला." मग काय, भिवंडीतल्या वाद्यांच्या दुकानात मी आणि बायको गेलो ते एकसष्ट पट्ट्यांचा मोठा बघायलाच. त्यात शेकडो ठेके आयते भरलेले. दुकानदाराने एक बटण दाबलं आणि दुकानात वरातच निघाली. बायको खूश. मला आत्याचं डबं आठवलं.

"आतमध्ये काही भरलेलं नको," मी म्हणालो. "लॅपटॉपला जोडायचा दाखवा."

त्याने एक छोटा समोर ठेवला. मी उजव्या हाताने सूर दाबला. आवाज नाही. जोर लावला, तरी नाही. बायको मला कोपराने ढोसत कुजबुजली, "बिघडलेला देतोय." दुकानदार हसला. "चाचा, इसका अपना आवाज नहीं होता. आवाज लॅपटॉपमध्ये असतो, हा फक्त त्याला सांगतो." त्याने तो जोडला, सारंगीसारखा आवाज लावला, आणि मी वाजवायला लागलो.

वाजवता वाजवता बघतो तर दुकानदार तोंडावर हात धरून उभा. बायकोही हसतेय. माझा डावा हात कीबोर्डच्या मागे जाऊन हवेतच भाता मारत होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुकानदार भला माणूस. त्याने माझं मनगट धरून हात पुढे आणला आणि पट्ट्यांच्या डावीकडच्या एका लहानशा चाकावर ठेवला. "लो चाचा, आपका भाता." चाक वर ढकललं की सूर फुलायचा, खाली ओढलं की बारीक व्हायचा. मी दोन ओळी वाजवल्या. हाताला काही शिकवावंच लागलं नाही.

तिथून पुढे मी पट्ट्या मोजायचं सोडलं आणि चाकं बघायला लागलो. एकात चाकाऐवजी बटणं होती. दाबलं की आवाज बेडकासारखा उडी मारायचा. एकाला चाक होतं, पण पट्ट्या इतक्या अरुंद की माझी जाड बोटं दोन-दोन सूर एकदम दाबत. शेवटी पंचवीस पट्ट्यांचा घेतला, पट्ट्या पूर्ण रुंदीच्या आणि चाक मऊ. दोनच सप्तकं, पण भजनात मी याबाहेर कधी गेलोय? उरलेल्या पट्ट्या आयुष्यभर धूळ पुसण्यापुरत्याच झाल्या असत्या. बुवांनी बघून नाक मुरडलं. मुरडोत.

घरी आत्याने रीतीप्रमाणे नव्या यंत्राला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडायला घेतला. बायकोने कीबोर्ड झटकन उचलला म्हणून वाचला, नाहीतर नारळाचं पाणी थेट पट्ट्यांत गेलं असतं. मग आत्याने एक पट्टी दाबून बघितली. लॅपटॉप बंद होता.

"मुकी हाय रं ही," ती म्हणाली, आणि तेच नाव पडलं.

मी तिला गा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मुळीच गायली नसती. संध्याकाळी ती ओटीवर वाल सोलायला बसली की मी मुकी आणि लॅपटॉप घेऊन जवळ बसायचो आणि तिचा षड्ज नुसता धरून ठेवायचो. चार-पाच दिवस तिने लक्ष दिलं नाही. मग वाल सोलता सोलता ती गुणगुणायला लागली. ओळीच्या मध्ये श्वास तुटला, तसं माझ्या डाव्या हाताने आपोआप चाक खाली घेतलं. तिने ओळ उचलली, हात वर गेला. ती पुन्हा मुद्दाम थांबली. मीही थांबलो. आत्याने शेंग खाली ठेवली.

"थांबतं की रं ह्ये," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन उगाच पाणी प्यायलो.

हळदीच्या दिवशी मांडव गच्च भरला होता. डीजेवाल्याने आपली गाणी बंद करून मुकीच्या लॅपटॉपची वायर त्याच्या स्पीकरला जोडली. मुलगी पाटावर बसली, सवाष्णी हळद लावायला पुढे झाल्या आणि आत्या गायला लागली. पहिले दोन धवले छान झाले. तिसरा, लेक आता परक्या घरी जाणार हा, अर्ध्यावर आला आणि आत्या थांबली.

मी चाक खाली घेऊन वाट बघितली. ती उचलेना. मान वर केली तर दम गेला नव्हता. आत्या मुलीकडे बघत रडत होती. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. डीजेवाल्याचा हात त्याच्या बटणाकडे गेला, मी मानेनेच त्याला नको म्हटलं. पेटी असती तर भात्याचं येणंजाणं सुरात ऐकू आलं असतं. हे चाक जिथे ठेवलं तिथेच राहतं. मी सूर अगदी बारीक केला आणि धरून बसलो. माझे डोळेही वाहत होते, पण दोन्ही हात गुंतलेले, पुसणार कशाने?

आत्याने पदराने तोंड पुसलं आणि जिथे सोडली होती तिथूनच ओळ उचलली. धवला शेवटपर्यंत झाला.

नंतर ती हळदीची वाटी घेऊन माझ्याकडे आली. मला वाटलं गालाला लावेल. तिने माझा डावा हात धरला आणि मनगटापर्यंत हळदीने माखला.

"मी थांबलू," ती म्हणाली, "पन तू सूर सोडला न्हायस."